मटक्याची चिठ्ठी कोण जपणार?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, म्हणजे जिथे लास वेगास आहे तिथे, जुन्या जुगार-क्लबांच्या चिप्स जमवणारी मंडळी आहेत. चिप म्हणजे टेबलावर पैशाऐवजी लावायची ती गोल चकती. आपल्याकडे जसे जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं जमवणारे असतात तसेच हे. पण हौस म्हणून सोडून द्यावं इतका हा प्रकार साधा नाही. १९८८ साली या लोकांनी स्वतःची रीतसर संघटना काढली. त्यांची संमेलनं होतात, नियतकालिक निघतं, किमतींचे जाडजूड कॅटलॉग निघतात. चकतीवरची नक्षी, कडेच्या रंगीत पट्ट्या आणि मधला शिक्का बघून हे लोक सांगतात की ही चिप अमुक क्लबची, अमुक काळातली, आणि अमुक कारखान्यात बनलेली.

शनिवार-रविवारी कॉम्प्युटरसमोर बसून या लोकांचं लिखाण वाचायचा मला बरीच वर्षं नाद आहे. जुगाराचा नाद नाही, आधीच सांगून ठेवतो :) मला त्यातलं संशोधन आवडतं. आणि ते वाचताना दर वेळी एकच प्रश्न पडतो. यांच्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच्या छोट्या छोट्या क्लबांचा इतिहास हातात धरता येतो. मग आपल्याकडे, आत्ता आत्तापर्यंत गल्लोगल्ली चाललेल्या मटक्याचं हातात धरता येईल असं काय उरलंय?

माझं म्हणणं थोडक्यात असं, की जवळजवळ काहीच उरलेलं नाही, जे थोडं उरलंय तेही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जाईल, आणि ते जाऊ देणं चूक आहे. आता सविस्तर.

आधी नेवाडाचं बघू. तिथे १ ऑक्टोबर १९१० पासून जुगारावर बंदी आली होती. पुढे जागतिक मंदीचे दिवस आले, राज्याची तिजोरी आटली, आणि १९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. लास वेगासमधलं पहिलं लायसन्स मिळालं फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या नॉर्दर्न क्लबला, आणि ते होतं मेमी स्टॉकर या बाईंच्या नावावर. नवरा रेल्वेत नोकरीला होता, त्यामुळे त्याच्या नावावर असला धंदा शोभला नसता. (हे वाचून मला आपल्याकडची बायकोच्या नावावरची रेशनची दुकानं आठवली. माणूस इथूनतिथून सारखाच!) रीनो गावात १९३५ मध्ये स्मिथ कुटुंबाने हॅरल्ड्स क्लब काढला आणि देशभर रस्त्यांच्या कडेला त्याच्या पाट्या लावल्या. १९४१ मध्ये एल रांचो वेगास उघडलं, ते १९६० मध्ये जळून खाक झालं. इमारत गेली, पण त्याच्या चिप्स आजही लोकांच्या कपाटात आहेत.

हे सगळं कळतं कारण कायदेशीर धंद्याचा कागद तयार होतो. लायसन्स असतं, कर भरल्याची नोंद असते, वर्तमानपत्रात जाहिरात असते, आणि चिपवर क्लबचं नाव छापलेलं असतं.

पण मला त्याहून भारी वाटतो तो पुढचा भाग. अमेरिकेत नेवाडाबाहेर बेकायदा क्लबही शेकड्यांनी होते. त्यांच्या चिप्सवर पूर्ण नाव नसायचं, नुसती दोन अक्षरं किंवा एखादं चित्र. पोलिसांच्या हाती लागली तरी कळू नये कुणाची ते. मग या चिप्सचा पत्ता संग्राहकांनी कसा लावला? तर चिप्स बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांची ऑर्डरची कार्डं त्यांनी शोधून काढली. कुठल्या गावाला, कुणाच्या नावाने, कुठल्या नक्षीच्या किती चिप्स पाठवल्या, याची कारकुनाने केलेली नोंद. क्लबवाल्याने लपवलं, पण त्याला माल पुरवणाऱ्याने आपला हिशोब चोख ठेवला होता. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. एका सिस्टिममधला लॉग कुणी पुसला तरी ती ज्या दुसऱ्या सिस्टिमशी बोलत होती तिथला लॉग शिल्लक असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ.

विशी-पंचविशीतल्या वाचकांसाठी मटका म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईत आधी 'आकडा' चालायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला यायचे, त्या भावांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये हे भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका काढला. कापूस गेला, पण ओपन-क्लोज राहिलं. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव मटका, आणि पुढे मडकं जाऊन पत्ते आले तरी नाव तेच राहिलं.

पद्धत अशी. शून्य ते नऊमधले तीन आकडे निघतात. समजा २, ५, ८ निघाले. बेरीज १५, शेवटचा आकडा ५, म्हणजे ओपन ५. रात्री पुन्हा तीन निघतात. समजा १, ३, ०. बेरीज ४, म्हणजे क्लोज ४. जोडी झाली ५४. हे सगळं लिहायचं असं : २५८-५४-१३०. माझ्या लहानपणी आमच्या अलिबागेत एस.टी. स्टँडकडे जाताना एका टपरीच्या आतल्या फळीवर खडूने असे आकडे लिहिलेले दिसायचे. मला ते गणित वाटायचं. एका अर्थी होतंही.

तीन आकड्यांच्या अशा एकूण २२० पत्त्या होतात. तिन्ही आकडे वेगळे अशा १२०, दोन सारखे अशा ९०, आणि तिन्ही सारखे अशा १०. बेरजेचा शेवटचा आकडा धरून त्यांचे दहा गट केले तर प्रत्येक गटात बरोबर २२ पत्त्या येतात. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून बघा, मी बघितलाय. म्हणजे रचना अगदी समतोल. कुठलाही आकडा यायची शक्यता दहात एक, आणि जोडीची शंभरात एक. पण पैसे मिळायचे ते साधारण रुपयाला नऊ आणि जोडीला नव्वद. म्हणजे खेळ अगदी सचोटीने खेळवला तरी लावलेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे सरासरीने वर जाणारच. वेगासच्या दोन शून्यांच्या रूलेटमध्ये हा हिस्सा सव्वापाच टक्के असतो. जगातल्या सगळ्यात चकचकीत जुगारापेक्षा आमच्या टपरीवरचा जुगार गरिबाला जवळजवळ दुप्पट महाग होता.

आता ज्या माणसाने हे पैसे लावले त्याच्या हातात काय असायचं? एक चिठ्ठी. आकडा, रक्कम, कधी एखादी खूण. बस. आमच्या शेजारी गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले एक काका होते. रायगड-रत्नागिरीची किती माणसं गिरणगावात होती ते सांगायला नको. मी त्यांना एकदा विचारलं, "काका, तुमच्याकडे एखादी जुनी चिठ्ठी आहे का हो?" ते हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, ती कोण ठेवतो? लागली तर देऊन पैसे घ्यायचे, नाय लागली तर फाडायची. आणि घरात सापडली तर काकू मला फाडायची."

बघा, एका वाक्यात सगळी पद्धत आली. जिंकलेली चिठ्ठी परत जाते, हरलेली फाटते. वेगासच्या क्लबातून माणूस एखादी डॉलरची चिप आठवण म्हणून खिशात टाकून घरी नेतो आणि क्लबही खूश होतो, कारण तेवढे पैसे द्यायचे वाचले. मटक्याच्या चिठ्ठीला तसा दुसरा जन्मच नव्हता.

आणि जी चिठ्ठी फाटली नाही, पोलिसांच्या हाती लागली, तिचं काय? यासाठी मी कायदा काढून वाचला. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. वाचायला मोठा मजेशीर आहे. कापूस, अफू किंवा इतर मालाच्या बाजारभावावर, त्या भावातल्या आकड्यांवर, पाऊस पडेल की नाही यावर, किती पडेल त्यावर आणि त्या मोजमापातल्या आकड्यांवर लावलेल्या पैजा, असं सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. कोकणातल्या माणसाने पाऊस पडेल की नाही यावर जूनमध्ये पैज लावली तर समोरचा मिळायचा नाही, पण मुंबईत हा जुगार इतका होता की कायद्याला दखल घ्यावी लागली. मला सांगायचंय ते वेगळंच. या कायद्यात 'जुगाराची साधनं' या शब्दांच्या व्याख्येत जुगाराची नोंद किंवा पुरावा म्हणून वापरलेला कुठलाही कागद येतो. आणि गुन्हा शाबित झाल्यावर ही साधनं नष्ट करायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. जुगाराला मदत व्हावी म्हणून आकड्यांची माहिती छापणं-वाटणं हाही गुन्हा.

म्हणजे बघा काय झालं. खेळणाऱ्याने चिठ्ठी फाडली, घेणाऱ्याने जाळली, आणि ज्यांनी ती गोळा केली त्यांना ती नष्ट करायची मुभा कायद्यानेच दिली. कायद्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याचं काम जुगार थांबवणं होतं, संग्रहालय उघडणं नव्हे. नेवाडातसुद्धा क्लब बंद पडला की चिप्सचे पैसे ठरावीक मुदतीत परत द्यायचे आणि राहिलेल्या चिप्स नष्ट करायच्या असा नियम आहे. पण तिथे लोकांच्या खिशातून चिप्स वाचल्या. आपल्याकडे खिसाच फाटका होता.

महाराष्ट्राची गंमत अशी, की १९७६ मध्ये आपल्याकडे कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर आकारण्याचा कायदा झाला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला. जो जुगार नव्हता त्याचा कायदा जवळजवळ पन्नास वर्षं फायलीत जपून ठेवला, आणि जो जुगार होता त्याचा कागद नाही. शेजारी गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, मांडवीत बोटी उभ्या आहेत, आणि बंद पडलेल्या कॅसिनोंच्या चिप्स पन्नास वर्षांनी कुणीतरी नक्की जमवत असेल. तिथला इतिहास लिहिला जाईल. आपला?

आपला लिहिला जातोच, पण राजांचा. मटक्याची आठवण निघाली की नावं येतात ती भगत आणि खत्री यांची. १९७५ च्या 'धर्मात्मा' सिनेमातलं प्रेमनाथ यांचं पात्र खत्रींवरून घेतलं होतं असं सांगतात. मे २०२० मध्ये खत्री वारले तेव्हा सगळ्या पेपरांतून लेख आले, 'मटका किंग' या मथळ्याखाली. आमच्या अलिबागचं नावही मटक्याच्या इतिहासात येतं ते असंच. जून २००८ मध्ये कल्याणजींचा मुलगा सुरेश भगत अलिबागच्या कोर्टातली तारीख आटोपून मुंबईला परतत होता. अलिबाग-पेण रस्त्यावर त्याच्या गाडीवर ट्रक आदळला, तो आणि त्याच्याबरोबरची माणसं ठार झाली. आधी अपघात वाटला, मग तो खून निघाला, आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने त्याची पत्नी, मुलगा आणि इतरांना जन्मठेप सुनावली. मटक्याच्या धंद्याच्या ताब्यावरून हे झालं असा तो खटला होता.

त्या रस्त्याने आम्ही कायम जातो. कुणी पाहुणा गाडीत असला की हा किस्सा निघतोच, आणि पाहुणे कान टवकारून ऐकतात. माझी तक्रार किश्शाबद्दल नाही. पण या किश्शातला पैसा आला कुठून? तो आला रुपया-रुपयाने, टपरीवरच्या चिठ्ठ्यांतून. ज्यांनी तो दिला त्यांची एक ओळही कुठे नाही. गिरणी कामगार दिवसाला सरासरी किती लावायचा? पगाराच्या दिवशी जास्त लावायचा का? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार थांबले, तेव्हा लावणं कमी झालं की हताश होऊन वाढलं? बायका लावायच्या का, आणि कुणाच्या हातून? हे खरे प्रश्न. यांची उत्तरं ना सिनेमात मिळतील ना कोर्टाच्या निकालात. ती फक्त चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात होती. मटक्याच्या उलाढालीचे कोटींचे आकडे लेखांतून फिरत असतात. ते कुणी मोजले, कशावरून मोजले, हे विचारलं की सगळे गप्प.

आता तुम्ही म्हणाल, असल्या घाणीचा इतिहास जपायचा कशाला? ज्या घरांचं वाटोळं झालं त्यांना विचार, त्यांना त्या चिठ्ठीचं तोंडही बघायचं नसेल. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. पण याच आक्षेपासाठी चिठ्ठी हवी असं मला वाटतं. पुरावा नसला की दोनच गोष्टी उरतात, दंतकथा आणि उपदेश. दंतकथेत राजा रुबाबदार दिसतो, दिलेला शब्द पाळतो, गरिबाला मदत करतो. उपदेशात जुगार वाईट एवढंच असतं. एका माणसाच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या ओळीने लावून, शेजारी त्याच्या पगाराचा आकडा लिहिला, तर त्याहून मोठा उपदेश कुठला?

यात दुसरीही एक बाजू आहे. सावंतवाडीच्या गंजिफा बघा. लाखेचे गोल सुंदर पत्ते, दशावताराचा संच १२० पानांचा. तेही खेळायचे पत्तेच आहेत. पण खेळणारे राजवाड्यातले होते, म्हणून ते पत्ते राहिले, राजघराण्याने कला पुन्हा उभी केली, आज लोक ते कौतुकाने विकत घेतात. चांगलीच गोष्ट आहे. पण राजवाड्यातला खेळ तो वारसा आणि चाळीतला खेळ तो कचरा, ही विभागणी खेळाच्या चांगल्या-वाईटावरून झालेली नाही. ती खेळणाऱ्यावरून झालेली आहे.

मटक्याचं एकच काहीतरी भरपूर जपलं गेलंय, ते म्हणजे निकालांचे चार्ट. दशकांपूर्वीचे, आठवड्यानुसार मांडलेले. कारण लोकांना वाटतं की जुने आकडे बघून उद्याचा काढता येतो. नाही येत. परवा कुठला आकडा आला हे उद्याच्या पत्त्यांना माहीत नसतं. आणि या चार्टांतला एखादा आकडा मागाहून कुणी बदलला असेल तर ते पडताळायची सोय नाही. म्हणजे ज्याचा काही उपयोग नाही तेवढंच आपण सांभाळलं, आणि ज्याच्यातून माणसं दिसली असती ते फाडून टाकलं.

मग करायचं काय? इथे त्या अमेरिकन संग्राहकांची युक्ती कामाला येते. जुगारवाल्याकडे शोधू नका. त्याला माल पुरवणाऱ्याकडे, त्याच्या आजूबाजूला शोधा. चार्टाची आणि 'लकी नंबर'ची पुस्तकं कुठल्यातरी छापखान्यात छापली गेली होती. जुने छापखाने आता ऑफसेटमुळे आणि मग डिजिटलमुळे बंद झालेत, पण माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात नमुने असतात. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली सार्वजनिक वाचनालयांत आहेत, त्यांत धाडींच्या दोन ओळींच्या बातम्या आहेत : अमुक ठिकाणी, इतके रुपये आणि साहित्य जप्त. त्या दोन ओळी म्हणजे आपली चिप. टपरीवाल्याची उधारीची वही, गिरणीतल्या माणसाने घरी लिहिलेली पत्रं, पतपेढीचं पासबुक, यांतही कुठेतरी मटक्याचा मागमूस सापडतो. आणि अजून बोलणारी माणसं आहेत. ज्यांनी साठच्या दशकात विशीत असताना लावलं ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे वेळ नाही, म्हणजे आपल्याकडे नाही.

कायदेशीर बाजूचं तर सोपं आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिची जुनी तिकिटं रद्दीवाल्याकडे, पुस्तकांच्या पानांत खूण म्हणून, देवघराच्या ड्रॉवरमध्ये सापडतात. महालक्ष्मीच्या रेसची जुनी पुस्तकं सापडतात. नाणी जमवणारे याकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून स्वस्त आहेत. इथून सुरुवात करता येते.

मात्र जमवायचं तर काही पथ्यं पाळावीत असं मला वाटतं. एक, वस्तूबरोबर ती कुठे मिळाली, कधी मिळाली, देणारा काय म्हणाला हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. नोंद नसलेली चिठ्ठी म्हणजे नुसता चिटोरा. दोन, कुणाचं नाव असेल तर ते चारचौघांत दाखवायचं नाही. माणूस गेला असेल, पण नातवंडं गावातच आहेत. तीन, मोठी किंमत मोजायची नाही. किंमत आली की नकली माल येतोच, आणि कागदाच्या चिठ्ठीची नक्कल करायला चिपसारखा साचाही लागत नाही, एक बॉलपेन पुरतं. चार, स्कॅन करून ठेवायचं आणि मूळ कागद शक्य तर एखाद्या ग्रंथालयाला द्यायचा. आणि पाच, आकड्यांची मोहिनी पसरवायची नाही. आपण संग्राहक आहोत, खायवाल नाही.

आता हे सगळं मी आत्ताच का लिहितोय? कारण तेच पुन्हा होतंय, आणि या वेळी माझ्या व्यवसायाच्या अंगणात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याच आठवड्यात मोठमोठ्या ॲप्सनी पैशाचे खेळ बंद केले. ज्या कंपनीचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर होतं तीही त्यात होती. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घाला, मला तो इथे घालायचा नाही. माझा प्रश्न साधा आहे. काही वर्षं देशातली तरुण पोरं मोबाईलवर काय बघत होती, कुठलं बटण कुठे होतं, हरल्यावर कुठला मेसेज यायचा, 'अजून शंभर टाका' हे किती ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, हे वीस वर्षांनी कुणाला दाखवता येईल का?

मला नाही वाटत. ॲप अपडेट झालं की जुना स्क्रीन गेला. सर्व्हर बंद झाला की उघडलेल्या ॲपमध्येही काही दिसत नाही. डेटाबेस कंपनीचा, आणि ठरलेली मुदत संपली की तो पुसला जातो. आम्हीच तो पुसणारा प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री दोन वाजता चालायला लावून झोपतो. मटक्याची चिठ्ठी निदान फाडावी लागायची. इथे फाडायचेही कष्ट नाहीत. ज्यांच्या फोनमध्ये जुने स्क्रीनशॉट, जाहिराती, बँकेचे मेसेज पडलेत त्यांनी फोन बदलताना ते उडवू नयेत, एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवावेत. आज ते फालतू वाटतील. नॉर्दर्न क्लबची चिपही तेव्हा फालतूच होती.

भाषेने मात्र आपलं काम चोख केलंय. अजूनही कुणाला घबाड मिळालं की आपण म्हणतो, "काय, मटका लागला का?" ज्याने आयुष्यात कधी चिठ्ठी बघितली नाही तोही म्हणतो. पण भाषेने जिंकणाराच लक्षात ठेवला. मटका न लागलेल्यांसाठी आपल्याकडे एकही वाक्प्रचार नाही, आणि दर दहांतले नऊ तर तेच होते.

असो. पुढच्या वेळी माळा साफ कराल, वाडवडिलांची ट्रंक उघडाल, तेव्हा आकडे लिहिलेला एखादा मळका कागद हाती लागला तर रद्दीत टाकायच्या आधी दोन मिनिटं थांबा. घरात कुणी जाणतं असेल तर त्यांना विचारा, काय सांगतात ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, आणि तारीख घाला. लाज वाटत असेल तर पाकिटात बंद करून ठेवा. पण ठेवा.